कोषातून फुलपाखरू आलंच नाही! (परोपजीवी माश्या : ओळख आणि उचापती)

सांजपाखरू

मंडळी, मागच्या श्रावणातली गोष्ट. लिहू लिहू म्हणता वर्ष होत आलं.

आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात लिंबू फुलपाखराच्या अळ्या येतात. आधी चिमणीच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार, गुबगुबीत. काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास सोडतात. माझ्या भाचीचा हा आवडता उद्योग. त्यातली एक अळी खाणं सोडून फांदीवर स्वस्थ बसली, रेशमाचा दोरा कमरेभोवती घेऊन टेकली. आता उद्या कोष होणार, म्हणून आम्ही खूश.

त्या संध्याकाळी तिच्या पाठीवर एक माशी दिसली. माशी म्हणजे किती, तर मोहरीच्या दाण्याहून किंचित लांबट. काळपट, पण तिरप्या उन्हात हिरवी झाक मारणारी. मला वाटलं चिलट. फुंकर मारली, उडाली, परत येऊन तिथेच बसली. सकाळी अळीचा कोष झाला होता आणि बाईसाहेब कोषावर ठाण मांडून होत्या. तरीही माझी ट्यूब पेटली नाही. फांदी कापून बरणीत ठेवली, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला.

आठ-दहा दिवसांत फुलपाखरू यायला हवं होतं. यायच्या आदल्या दिवशी कोषातून पंखांची नक्षी दिसते, ती दिसेना. कोष नुसताच तपकिरी होत गेला. सतराव्या दिवशी सकाळी भाचीची किंकाळी. कोषाला टाचणीने पाडावं तसं एक गोल भोक, आणि बरणीभर माश्याच माश्या. त्याच एका भोकातून अजून एकेक बाहेर पडत होती, लोकलच्या दारातून उतरावं तशी. मी मोजायला बसले, त्र्याऐंशीवर हिशेब चुकला.

"मावशी, फुलपाखराचे तुकडे झाले का?" भाचीचा प्रश्न. तसं पाहिलं तर बरोबरच.

तर ही टेरोमॅलस नावाची, गांधीलमाशीच्या कुळातली माशी. कोष नुकताच झालेला असतो तेव्हा त्याची साल ओली आणि मऊ असते. पुढे ती टणक होते, मग अंडी घालायची सुई आत शिरत नाही. म्हणून ही बया अळी कोषाला टेकण्याआधीच येऊन पाळतीवर बसते. मी फुंकर मारत होते ती घरफोडीच्या तयारीत असलेल्या चोरावर.

आपल्याकडे गांधीलमाशी म्हटलं की पोळं, डंख आणि सुजलेला गाल एवढंच आठवतं. पण या कुळातल्या बहुसंख्य जाती पोळं करत नाहीत, माणसाच्या वाटेला जात नाहीत आणि एकेकट्या फिरतात. त्यांची पिल्लं दुसऱ्या किड्याच्या अंगावर किंवा अंगात वाढतात. उवा, जळवा, गोचीड हेही परोपजीवी, पण ते यजमानाला जिवंत ठेवतात, कारण उद्याचं जेवणही तिथेच करायचं असतं. या माश्यांचा यजमान शेवटी मरतोच. अभ्यासक यांना वेगळं काढून 'पॅरासिटॉइड' म्हणतात. शेतीखात्याच्या भाषेत सरसकट 'मित्रकीटक'. कोणाचे मित्र ते विचारू नका. लिंबू फुलपाखराला विचारलंत तर वेगळं उत्तर येईल.

वर्षभर भिंग घेऊन फिरल्यावर माझं एक मत झालं आहे. तीन मिलिमीटरच्या माशीच्या पंखातल्या शिरा बघून तिचं नाव सांगणं हे आपल्यासारख्या हौशी लोकांचं काम नाही. पण तिने मागे काय ठेवलं, ते आपल्याला वाचता येतं. अळीच्या पाठीवर उभे केलेले पांढरे तांदूळ. फुगून सोनेरी-तपकिरी झालेला, पानाला चिकटलेला मावा. पतंगाची अंडी काळी पडलेली. कोषाला एकच बारीक भोक. माशी कधीच उडून गेलेली असते, पंचनामा शिल्लक असतो. तुम्ही काय काय पाहिलंय ते लिहा. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीयेत.

मिरचीचा_ठेचा

पहिला प्रतिसाद माझा! वाचनखूण साठवली. लोकलची उपमा जबरी.

न्यूजर्सीकर

पांढऱ्या तांदळांवरून आठवलं. इथे परसात टोमॅटो लावतो. त्यावर करंगळीपेक्षा जाड हिरवी अळी येते, शेपटीकडे शिंग असलेली. एका रात्रीत फांदी बोडकी करते. दोन वर्षांपूर्वी एकीच्या पाठीवर पन्नासेक पांढरे दाणे दिसले. मला वाटलं अंडी. आता यातून पन्नास अळ्या येणार म्हणून पाण्याची नळी घेऊन निघालो, तर शेजारच्या आजींनी कुंपणावरून हाक मारून थांबवलं. म्हणाल्या, तिला तिथेच राहू दे, ती आता काही खाणार नाही. खरंच नाही खाल्लं. चार-पाच दिवस तशीच लटकून होती, जिवंत, हात लावला की हलायची. बघवत नव्हतं. तिला मारून टाकावं असंही वाटलं. हे नेमकं काय असतं?

सांजपाखरू

@न्यूजर्सीकर, आजी जाणत्या आहेत. हे काम कोटेशिया नावाच्या माशीचं. तुमच्याकडच्या जातीचं नाव कोटेशिया काँग्रेगाटा. ते दाणे अंडी नाहीत, कोष आहेत. अंडी कधीच अळीच्या पोटात घातलेली होती. पिल्लं आत वाढली, मग कातडी पोखरून बाहेर आली आणि जिथे बाहेर आली तिथेच रेशीम विणून बसली. अळी अंडी पाठीवर घेऊन फिरत नाही, कधीच. त्यामुळे अळीवर पांढरे दाणे दिसले की ते परक्याचे, हे डोळे मिटून समजा.

आता तिने खाणं का सोडलं. किड्यांच्या रक्तातही पहारेकरी पेशी असतात. परकं अंडं सापडलं की त्याला चहूबाजूंनी घेरून गुदमरवून टाकतात. मग कोटेशियाचं अंडं वाचतं कसं? तर माशी अंड्याबरोबर एक विषाणूही टोचते. हा विषाणू तिला कुठून लागलेला नाही, तो तिच्याच गुणसूत्रांमध्ये लिहिलेला आहे आणि तिच्या अंडाशयात तयार होतो. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांना एका विषाणूची लागण झाली, तो तिथेच मुरला आणि आता घरचाच झाला. अळीच्या अंगात गेल्यावर तो पहारेकऱ्यांना लुळं पाडतो, अळीची वाढ आणि भूक बिघडवतो. स्वतःची संख्या मात्र तिथे वाढवत नाही. नुसती सुपारी घेऊन काम करतो म्हणा ना.

बघवत नाही हे खरं. डार्विनलाही बघवलं नव्हतं. १८६० मध्ये आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने नेमकं याच माश्यांचं उदाहरण दिलं आहे. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने जिवंत अळीला आतून खाणारे हे जीव मुद्दाम घडवले असतील, हे मनाला पटत नाही, अशा अर्थाचं.

ठाण्याची_ठमी

माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर एक काळी माशी येते. अंगाने कोळ्यासारखी, पाय लांब, आणि पोट म्हणजे एक चिमुकला चपटा तुकडा, पाठीला वरच्या बाजूला टाचल्यासारखा. तो सारखा वर-खाली हलवत असते. सासूबाई म्हणतात चावते, मारून टाक. ही यातलीच का?

सांजपाखरू

यातलीच! मारू नका हो. ती इव्हानिया. इतकी सोपी ओळख दुसऱ्या कुठल्या माशीची नाही. ते पोट झेंड्यासारखं फडकवते म्हणून इंग्रजीत तिला निशाणवाली गांधीलमाशी म्हणतात. जमलं तर डोळे बघा, निळसर असतात. ती चावत नाही, डंख मारत नाही. झुरळ चवळीच्या दाण्यासारखी तपकिरी डबी घालतं ना, कपाटाच्या सांदीत सापडते ती? इव्हानिया त्या डबीत एक अंडं घालते. तिचं पिल्लू डबीतली झुरळाची सगळी अंडी फस्त करतं.

फक्त एक वाईट बातमी. ही माशी घरात दिसते याचा अर्थ झुरळंही आहेत. सासूबाईंना हा भाग सांगायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

ठाण्याची_ठमी

:हाहा: नाही सांगत.

वाळवा_एक्सप्रेस

आमच्याकडं यातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे ट्रायकोकार्ड. उसाला खोडकिडा लागू नये म्हणून लावतो. पोस्टकार्डासारखं कार्ड, त्यावर तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेली, साधारण वीस हजार. त्या प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा माशीचं पिल्लू. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. माशी इतकी बारीक की शेजारी विचारतो, "कागद टाचून किडं मरत्यात व्हय?"

पहिल्या वर्षी मी दोन चुका केल्या. पट्ट्या टाचल्या आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या रानात फवारणी केली. वारा आमच्याकडंच. झालं, माश्या बाहेर पडायच्या आधीच गार. दुसऱ्या वेळी फवारलं नाही, पण पट्ट्या बुडाशी टाचल्या. दुसऱ्या दिवशी बघतोय तर मुंग्यांची रांग. वीस हजार अंडी म्हणजे मुंग्यांना लग्नाची पंगत. तेव्हापासून पट्टी वरच्या पानाला, आणि आधी बुंध्याजवळ मुंग्या बघून.

जुनी माणसं २००२ सालचा लोकरी मावा विसरणार नाहीत. सांगली भागात उसाच्या पानाखाली कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं, आणि खालची पानं चिकट्यानं काळी. फवारून दमलो. पुढं डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस वाटले गेले, ते माव्याला खाणारे. एन्कार्सिया नावाची माशी पण आली, ती ईशान्येकडून आणलेली असं ऐकलं.

सांजपाखरू

बरोबर ऐकलंत, एन्कार्सिया फ्लाव्होस्कुटेलम. आसामच्या बाजूला तो मावा आणि ही माशी दोन्ही आधीपासून होते. इकडे मावा आला तेव्हा ती बरोबर आली नव्हती, म्हणून त्याचं इतकं फावलं.

ट्रायकोग्रामाबद्दल थोडी भर. अर्ध्या मिलिमीटरची माशी. दुसऱ्याच्या अंड्यात अंडं घालते, म्हणजे अळी जन्माला येण्याआधीच काम तमाम. तुम्ही कार्डावर पाहिलं असेल, अंडी पिवळसर पांढरी नसतात, काळी असतात. पिल्लाची वाढ एका टप्प्यावर गेली की यजमान अंडं आतून काळं पडतं. शेतातल्या पानावर पतंगाची काळी अंडी दिसली तर तो बहुधा हिचाच हात समजा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती अंड्यावर चढून आधी चालून बघते, मिशांनी चाचपते. त्यावरून आकाराचा अंदाज घेते आणि आत किती पिल्लं मावतील ते ठरवते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं काम तिला द्यायला हवं.

मक्यावर लष्करी अळी आल्यापासून टेलेनोमसचंही नाव ऐकू येतं. लष्करी अळीची मादी अंडी थरावर थर घालते आणि वरून केसांचं पांघरूण घालते. ट्रायकोग्रामाला त्याच्या खालच्या थरापर्यंत पोचणं अवघड जातं, टेलेनोमस आत घुसते.

खडूस_आजोबा

आम्ही लहानपणी कुंभारीण माशीची मातीची घरटी फोडायचो, देव्हाऱ्यामागे हमखास असायची. आत हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या, मेलेल्या नाहीत पण हलत नाहीत. तशीच सोडली तर महिन्याने त्यातून कुंभारीणच बाहेर पडायची. आजी सांगायची, कुंभारीण अळीला कोंडते, अळी भीतीने रात्रंदिवस तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता तीच होऊन जाते. भ्रमरकीटन्याय तो हाच. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यातला हा शेवटचा.

आता तुमचा धागा वाचल्यावर वाटतं, निरीक्षण पक्कं होतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली. मधलं अंडं तेवढं कोणाला दिसलं नाही.

सांजपाखरू

आजोबा, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. माझी भाचीही "तुकडे झाले" म्हणाली, तिचाही न्याय त्याच जातीचा.

एक बारकावा. कुंभारीण अळी आयती शोधून तिच्यात राहत नाही, तिला डंख मारून लुळी करते आणि स्वतः बांधलेल्या घरात आणून ठेवते. म्हणून काटेकोर बोलायचं तर तिला परोपजीवी न म्हणता शिकारी म्हणतात. पण तिच्या घरावर डोळा ठेवून असणारी एक आहे. झगझगीत हिरवी-निळी, मोरपिसाच्या डोळ्याच्या रंगाची. कुंभारीण माती आणायला गेली की ही त्या घरात आपलं अंडं टाकून येते. कोकिळेचा धंदा. सापडली तर अंगाचं मुटकुळं करून चेंडूसारखी पडते, पाठीचं चिलखत इतकं जाड की कुंभारणीच्या डंखाचं काही चालत नाही. घरट्यातून कुंभारणीऐवजी हिरवा मणी बाहेर आला असता तर आजींनी कोणता न्याय सांगितला असता कोण जाणे.

या सीमेवरची आणखी एक म्हणजे झुरळवाली हिरवी माशी, अँप्युलेक्स. ती झुरळाला दोन डंख मारते. पहिला छातीत, पुढचे पाय ढिले पडावेत म्हणून. दुसरा थेट मेंदूत, मोजून. झुरळ मरत नाही, लुळंही पडत नाही, फक्त स्वतःहून चालायची इच्छा जाते. मग ही त्याच्या मिशा अर्ध्यावर तोडते आणि उरलेल्या मिशीला धरून बैल कासऱ्याने न्यावा तसं त्याला बिळाकडे चालवत नेते. बिळात पायावर अंडं घालते, तोंडाला खडे लावून बंद करते. मी पाहिलं नाहीये अजून. ज्याने पाहिलं असेल त्याचा मला हेवा वाटेल.

भिंग_हातात

चांगला धागा, पण एक-दोन दुरुस्त्या.

ओळख अगदीच हाताबाहेरची नाही. आधी पंख मोजा. दोन असले तर ती खरी माशी, चार असले आणि कंबर बारीक असली तर गांधीलमाशीचं कूळ. मोबाइलला पन्नास-शंभर रुपयांचं क्लिप-भिंग लावलं तरी पुढचं बरंच दिसतं. अंगाने लांब, मिशाही लांब आणि बऱ्याच मण्यांच्या, तर इक्न्यूमन किंवा ब्रॅकोनिड, ही यातली दोन कुळं. दोघांत फरक पंखाच्या शिरांचा. पुढच्या पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात खालून वर येणाऱ्या दोन तिरक्या शिरा दिसल्या तर इक्न्यूमन, एकच दिसली तर बहुधा ब्रॅकोनिड. सांजपाखरू यांची कोटेशिया ब्रॅकोनिड. पंखात शिराच जवळपास नाहीत, पुढच्या कडेला एक आखूड रेघ, मिशा कोपरात वाकलेल्या आणि अंगाला धातूची चमक, तर कॅल्सिड हा तिसरा गट. टेरोमॅलस त्यातली. कॅल्सिडांतच मागची मांडी पहिलवानासारखी फुगलेली आणि खालच्या कडेला दाते असले तर ब्रॅकिमेरिया, ही पण कोषांतून निघते. इथवर कोणालाही जमतं. जातीपर्यंत जाणं तज्ज्ञांचंच काम, हे मान्य.

दुसरं. मागे राहिलेला पंचनामा फसवतो. फुगलेला मावा दिसला म्हणजे मित्रकीटक सुखरूप उडाला असं नाही. या माश्यांच्याही मागे माश्या असतात. माव्याच्या पोटातल्या पिल्लाला शोधून त्याच्यावर अंडं घालणाऱ्या. सुगावा भोकाच्या कडेत असतो. मूळची माशी बाहेर पडताना गोल, गुळगुळीत झाकण कापते, कधीकधी ते झाकण बिजागरीसारखं लटकलेलं असतं. चोरावर मोर बाहेर पडला असेल तर भोक कुरतडल्यासारखं, कड ओबडधोबड.

सांजपाखरू

@भिंग_हातात, दंडवत. भोकाची कड मी कधीच बघितली नव्हती. आत्ता जाऊन रुईच्या पानावरचा मावा बघून आले, टॉर्च घेऊन, शेजारी बघत होते. सात फुगलेले सापडले. पाच गुळगुळीत, दोन कुरतडलेले.

चकलीचं_पीठ

त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी अंडी एकाच माशीने घातली? आणि त्यात नर-मादी कसं ठरतं?

सांजपाखरू

माझ्या बरणीतली बहुधा एकीचीच, ती एका कोषात अनेक अंडी घालते. पण कोपिडोसोमा नावाच्या माशीचं ऐका. ती एकच अंडं घालते, उंटअळीच्या कुळातल्या पतंगाच्या अंड्यात. ते अंडं आत फुटत, विभागत जातं आणि एका अंड्यातून दोन हजारांवर पिल्लं तयार होतात. त्यातली काही कधीच मोठी होत नाहीत. ती फक्त सैनिक, अळीच्या पोटात दुसऱ्या कोणाची पिल्लं आली तर त्यांना मारणारी. आणि ती तिथेच मरतात.

नर-मादीचं गणित मधमाश्यांसारखंच. फळलेल्या अंड्यातून मादी, न फळलेल्यातून नर. म्हणजे नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. कोडं म्हणून घरी घाला.

ऐनाचं_झाड

सगळे मित्रकीटक मित्रकीटक म्हणताहेत म्हणून लिहितो. मी गडचिरोलीतल्या आरमोरीकडचा. आमच्याकडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो, टसर रेशमाचा. ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या हे करतात. अळ्या झाडावर सोडायच्या आणि महिनाभर पाखरांपासून राखायच्या, गोफण घेऊन. तरी एक शत्रू गोफणीला भीत नाही. पिवळी माशी. दीडेक सेंटिमीटर, हळदीसारखी पिवळी, पोटावर काळे ठिपके, मागे छोटी काळी सुई. अळी कोसा विणून संपवत आली की ही येते. कोसा नवा असताना त्याच्या भिंतीतून सुई घालते आणि आतल्या कोषात अंडं टाकते. बाहेरून काहीच कळत नाही. पुढे पतंगाऐवजी माशी निघते, ती कोशाला भोक पाडून. भोक पडलं की धागा तुटला, आणि तुटल्या धाग्याचा कोसा सूत काढायला घेत नाहीत.

माझे काका कोसा कानाशी धरून हलवायचे. आतला जीव भरीव असला की ठक ठक वाजतो. पोखरलेल्याचा आवाज हलका. डोळ्याला दिसत नाही ते त्यांना कानाला कळायचं. बाकी या माशीला तुम्ही काय म्हणता?

सांजपाखरू

झँथोपिंपला पेडेटर. इक्न्यूमन कुळातली. हिच्याच भाऊबंद पिवळ्या माश्या ऊस आणि भातावरच्या किडींच्या कोषांतून निघतात आणि तिथे आपण त्यांना टाळ्या वाजवतो. कानाशी हलवून ओळखणं मला माहीत नव्हतं. माझ्या 'पंचनाम्या'त हा पुरावा नव्हताच.

शंकासुर

माझी शंका. ही परदेशी माशी आणून सोडायची, उद्या ती आपल्याच फुलपाखरांवर उठली तर? सशांसाठी कोल्हे आणले आणि कोल्ह्यांनी कोंबड्या खाल्ल्या, असं होणार नाही कशावरून?

सांजपाखरू

शंका रास्त आहे आणि तसं झालंही आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरासाठी १८८० च्या दशकात युरोपातून अमेरिकेत कोटेशिया ग्लोमेराटा नेली, ती तिथल्या मूळच्या पांढऱ्या फुलपाखरांनाही लागली. तेव्हा चाचण्या वगैरे भानगड नव्हती.

आता पद्धत वेगळी आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण घ्या. २००८ मध्ये कोईमतूरला पहिल्यांदा सापडला, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. बघता बघता तुती, कापूस, कसावा सगळ्यावर पसरला, आपल्या पुण्याकडच्या पपईच्या बागांतही आला. झाडं पांढऱ्या पिठाने माखलेली, फळाला हात लावला की चिकट. २०१० मध्ये प्युर्तो रिकोहून तीन जातींच्या माश्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत आणल्या. आधी बंदिस्त ठेवून तपासल्या, मग सोडल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपाये कामाची निघाली. तिला पपईचा हाच पिठ्या ढेकूण हवा असतो. काही महिन्यांत बागा स्वच्छ झाल्या. फवारणीने जे साधलं नव्हतं ते दीड मिलिमीटरसुद्धा नसलेल्या माशीने केलं.

कपाशीची गोष्ट याहून मजेची आहे. तिथल्या पिठ्या ढेकणावर एक माशी आपसूकच सापडली, कोणी आणलेली नव्हती. २००९ मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी तिला नवी जात म्हणून नाव दिलं, एनेशियस बंबावालेई, बंबावाले या आपल्या शास्त्रज्ञांच्या नावावरून. काही वर्षांनी लक्षात आलं की ही अमेरिकेतली जुनीच एनेशियस ॲरिझोनेन्सिस आहे. ढेकणाच्या मागोमाग तीही आली असावी, बिनापासपोर्टची. विदर्भातल्या कपाशीवर ढेकणाचं पांढरं पीठ गळून चामड्यासारखी तपकिरी पिंपं दिसतात, ती हिची. ती फांदी तोडून जाळू नका.

माडाची_सावली

आमच्या माडावर काळ्या डोक्याची अळी येते. पातीच्या खाली जाळी करून राहते, वरून झावळ करपल्यासारखी दिसते. तिच्यावर गोनिओझस नावाची माशी सोडतात. मी एकदा परीक्षानळीत बघितली, मुंगीसारखी काळी. अळीला डंख मारून लुळी केली, पाठीवर ओळीने अंडी घातली आणि गेली नाही. तिथेच बसली. अंड्यांतून पिल्लं आली, अळीला बाहेरून चिकटून फुगत गेली, ही मधे मधे त्यांच्यावरून मिशा फिरवत होती. कापसाचा बोळा हलवला तर आडवी आली. मी या धाग्यात आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या आया अंडी घालून पसार होणाऱ्या. ही एक राहते बघा.

भिंग_हातात

+१. गोनिओझस बेथिलिड कुळातली, त्या कुळात आईपण आढळतं.

जाता जाता उंबराबद्दल. फळ फोडल्यावर उडणाऱ्या बारीक माश्यांतल्या काही परागीकरण करणाऱ्या, त्या फळाच्या तोंडातून आत शिरतात. पण काही आत जातच नाहीत. फळावर बाहेर बसून शेपटीच्या केसासारखी लांब सुई भिंतीतून आत घालतात. तसल्या ॲपोक्रिप्टाच्या सुईच्या टोकावर जस्त असतं, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१४ मध्ये हे काम झालं. कच्च्या उंबरात केसाने भोक पाडायचं तर टोकाला धातू हवाच.

नवीन_भाडेकरू

धागा पूर्ण वाचला नाही. कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या झाल्यात, काय फवारू ते कोणी सांगेल का?

ठाण्याची_ठमी

अरे देवा.

सांजपाखरू

@नवीन_भाडेकरू, काही फवारू नका. तो कढीपत्ता तुम्ही खाणार आहात, आणि अळ्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात. पानं परत फुटतात. फारच झाल्या तर हाताने उचलून एखाद्या लिंबाच्या झाडावर सोडा.

बाकी ताजी खबर. यंदाची पहिली अळी आज दुपारी फांदीला टेकली. मी ऑफिसात होते, भाचीचा फोन आला. तिच्या पाठीवर हिरवी झाक असलेली माशी बसली आहे म्हणे. "मावशी, हाकलू की राहू देऊ?" गेल्या वर्षी मी न विचारता फुंकर मारली होती. या वेळी मीटिंग चालू आहे असं सांगून फोन ठेवला, आणि तेव्हापासून विचार करतेय. संध्याकाळचे सहा वाजलेत, घरी पोचायला अजून चाळीस मिनिटं आहेत.